पदार्थांतील बदल : तोच की नवा?



या वेळच्या भित्तिपत्रकात विज्ञानाचा पाठ लिहिण्याची पाळी माझी आहे. विषय आहे ‘पदार्थांत होणारे बदल’.

आपल्या भोवती सारखे काही ना काही बदलत असते. चिखल वाळतो. चुलीत लाकूड जळते आणि राख उरते. दुधाचे दही होते. विळ्याला गंज चढतो. धुणे वाळत घातले की पाणी उडून जाते. गुरुजींनी सांगितले, की असे कितीही बदल असले तरी त्यांचे मुख्य गट दोनच. एक भौतिक बदल आणि दुसरा रासायनिक बदल. कोणता बदल कोणत्या गटात, हे आपल्या मावळातली उदाहरणे घेऊन पाहू या.

भौतिक बदल म्हणजे काय?

पदार्थाचा आकार बदलतो, तो मोठा-लहान होतो, घट्टाचा पातळ होतो, पण पदार्थ तोच राहतो. याला भौतिक बदल म्हणतात.

पाण्याचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पदार्थाची तीन रूपे. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथे पाणी थोडे आधीच, सुमारे ९८ अंशांना उकळते. पण मुंबईत उकळो की लोणावळ्यात, त्याची वाफच होते, आणि वाफ थंड झाली की पुन्हा पाणीच. पावसाळ्यात घाटात धुके दाटते, ते म्हणजेही पाण्याचे अगदी बारीक थेंब. धुक्यातून चालत आलो की केस ओले होतात ते त्यामुळेच.

कार्ल्याची आणि भाज्याची लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या पाषाणात खोदली. खांब झाले, हत्ती झाले, कमानी झाल्या. छिन्नीने दगडाचा आकार बदलला, पण हत्तीसुद्धा दगडाचाच आणि खाली पडलेली कपचीसुद्धा दगडाचीच. हा भौतिक बदल.

रासायनिक बदल म्हणजे काय?

पदार्थ मोडून किंवा दुसऱ्या पदार्थाशी जुळून अगदी नवा पदार्थ तयार होतो, त्याला रासायनिक बदल म्हणतात. नव्या पदार्थाचा रंग, वास, चव, गुण सगळे निराळे असू शकतात.

लाकूड जळाले की राख उरते. राख म्हणजे काही बारीक केलेले लाकूड नव्हे. राखेत पुन्हा काडी ओढून टाकली तर ती पेटत नाही. आता कोणी विचारील, की एवढा मोठा ओंडका आणि राख मूठभर, मग बाकीचे गेले कुठे? ते हवेत गेले. लाकडातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड वायू झाला आणि पाण्याची वाफही झाली. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लव्हाझिए नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी बंद भांड्यांत प्रयोग करून आधीचे आणि नंतरचे वजन केले. ते सारखेच भरले. म्हणजे पदार्थ बदलतो, पण नाहीसा होत नाही.

‘परत फिरते का?’ एवढेच विचारून भागत नाही

आमच्या वर्गात एक सोपा नियम सगळे म्हणतात. जो बदल परत फिरवता येतो तो भौतिक, आणि फिरवता येत नाही तो रासायनिक. बर्फ, मेण आणि दही यांना हा नियम बरोबर लागू पडतो. पण एकदा मधल्या सुट्टीत यावरून वाद झाला. एक मुलगा म्हणाला, “कुऱ्हाडीनं लाकूड फोडलं तर ते परत जोडता येतंय का? न्हाई ना? मग तो रासायनिक बदल.” दुसरे म्हणाले, “ढलपी लाकडाचीच हाय की!”

गुरुजींनी निकाल दिला. लाकूड फोडणे, भात कांडणे, कागद फाडणे, दगड खोदणे हे बदल परत फिरत नाहीत, तरी ते भौतिकच आहेत. कारण नवा पदार्थ झाला नाही. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा : “पदार्थ तोच राहिला की नवा झाला?” हा प्रश्न पाठ करून ठेवा. पुढच्या सगळ्या उदाहरणांना तोच विचारायचा आहे.

चिक्कीच्या कढईतले बदल

लोणावळ्याची चिक्की सगळीकडे प्रसिद्ध आहे. माझी आई चिक्कीच्या कामाला जाते. तिच्याकडून मी सगळी कृती विचारून घेतली आणि एकेका पायरीपुढे बदलाचे नाव लिहिले.

१. शेंगा फोडून दाणे काढणे : भौतिक.
२. दाणे भाजणे : रासायनिक. भाजल्यावर दाण्याचा रंग बदलतो आणि खमंग वास सुटतो. तो वास कच्च्या दाण्यात नसतो. भाजताना दाण्यात जे नवे पदार्थ तयार होतात त्यांचा तो वास.
३. दाणे चोळून साल पाखडणे : भौतिक.
४. गूळ फोडून कढईत वितळवणे : भौतिक. गूळ पातळ झाला तरी गूळच.
५. पाक उकळून त्यातले पाणी उडवणे : भौतिक.
६. पाक आणखी तापून तपकिरी होणे : रासायनिक. इथे गुळातली थोडी साखर मोडते आणि रंगाचे, वासाचे नवे पदार्थ होतात.
७. पाकात दाणे घालून लाटणे आणि वड्या पाडणे : भौतिक.

पाक झाला की नाही ते कसे कळते, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, “गार पाण्यात थेंब टाकायचा. कट्‌दिशी मोडला की पाक झाला. चिकट लागला तर अजून पाणी हाय त्यात. आणि वासावर ध्यान ठेवायचं. वास करपट आला की गूळ गेलाच म्हणून समज.” आईची ही परीक्षा विज्ञानाला धरूनच आहे. पाकात पाणी जास्त राहिले तर आणखी उकळून ते काढता येते, कारण तो भौतिक बदल. पण पाक करपून काळा झाला तर त्याचा कोळसा होऊ लागलेला असतो. तो कडू लागतो. त्यात पाणी ओता नाहीतर नवा गूळ घाला, तो गोड व्हायचा नाही.

पावसाळ्यात चिक्की उघडी राहिली तर मऊ आणि चिकट होते. हवेतला ओलावा गूळ ओढून घेतो. हा भौतिक बदल आहे. म्हणून चिक्की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

लोहगडचा चुना : दगडापासून दगडापर्यंत

लोहगड किल्ला आपल्या मावळात आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत लोहगडही आहे. गडावर महादरवाजातून आत गेल्यावर चुन्याची घाणी पाहायला मिळते. दगडी गोल चर असतो आणि त्यात मोठे दगडी चाक फिरवून चुना मळत असत. हा चुना दगडांच्या सांध्यांत भरायचा.

या चुन्याची गोष्ट फार मजेची आहे. सुरुवात होते चुनखडीच्या दगडापासून.

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजतात. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हा नवा पदार्थ. पहिला रासायनिक बदल.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो चुना विरतो. माझ्या आजोबांचे वडील गवंडी होते. आजोबांनी लहानपणी हे पाहिले आहे. ते सांगतात, “खाली जाळ न्हाई, काही न्हाई, तरी हौदातलं पाणी खदाखदा उकळायचं. आम्हा पोरांना जवळ फिरकू देत नसत.” पाणी आणि कळीचा चुना एकमेकांशी जुळून विरवलेला चुना होतो आणि त्या वेळी पुष्कळ उष्णता बाहेर पडते. दुसरा रासायनिक बदल. आजोबांना जवळ जाऊ देत नसत तेही बरोबरच. हा चुना अंगावर उडाला तर भाजते, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो.

मग घाणीत वाळू घालून चुना मळायचा. मिसळणे आणि मळणे हा भौतिक बदल.

शेवटी चुना सांध्यात भरला की त्यातले पाणी उडते आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत राहतो. भट्टीत जो वायू निघून गेला होता, तोच वायू हवेतून परत येतो आणि चुन्याची पुन्हा चुनखडी होते. तिसरा रासायनिक बदल. याला पुष्कळ महिने, वर्षेसुद्धा लागतात.

आता पहा. दगडापासून निघालो आणि दगडापाशीच परत आलो. ‘परत फिरते तो भौतिक’ हा नियम इथेही चुकतो. वाटेत दर मुक्कामाला नवा पदार्थ झाला, म्हणून हे तिन्ही बदल रासायनिकच.

मातीची भिंत आणि चुन्याची भिंत यांतला फरकही यावरून कळतो. माती नुसती वाळते. वाळणे हा भौतिक बदल. मावळचा पाऊस लागला की माती परत भिजते आणि भिंत ढासळते. चुना वाळून थांबत नाही, तो बदलतो. म्हणून एवढ्या पावसात गडाचे बांधकाम टिकून आहे.

घर बांधणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट. सिमेंटसुद्धा नुसते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक बदल होतो, त्याने ते घट्ट होते. हा बदल दिवसेंदिवस चालतो आणि त्याला पाणी लागते. म्हणूनच नव्या बांधकामावर रोज पाणी मारतात. पाणी मारायचा कंटाळा केला तर सिमेंट कच्चे राहते. आणि पावसाळ्यात सिमेंटच्या गोणीला ओल लागली तर गोणीतच दगड होतो. तो कुटून पूड केली तरी उपयोग नाही, कारण पूड झाली तरी पदार्थ नवा झालेला आहे.

रासायनिक बदल ओळखण्याच्या खुणा

रंग बदलणे, नवा वास येणे, वायूचे बुडबुडे निघणे, आपोआप गरम होणे, उजेड पडणे, या खुणा दिसल्या की रासायनिक बदलाचा संशय घ्यावा. पण एका खुणेवर भरवसा ठेवू नये. पाणी उकळतानाही बुडबुडे येतात, पण ते वाफेचे असतात.

उजेडाची खूण पाहायची असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी राजमाचीकडची झाडे पाहावीत. काजव्यांनी ती लुकलुकत असतात. काजव्याच्या पोटात एक पदार्थ ऑक्सिजनशी जुळतो आणि उजेड पडतो. चुलीतही ऑक्सिजनशी जुळणेच चालते, पण चूल चटका देते आणि काजवा हातावर बसला तरी गारच लागतो. रासायनिक बदल म्हणजे जाळच असला पाहिजे असे नाही.

विजेचेही दोन प्रकार पहा. वळवणच्या धरणाचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला नेतात. तिथे १९१५ सालापासून टाटांचे वीजघर आहे. वरून पडणारे पाणी चक्र फिरवते आणि वीज तयार होते. पाणी मात्र पाणीच राहून पुढे वाहत जाते. हा भौतिक बदल. दुसरीकडे कोळसा जाळूनही वीज करतात. तिथे कोळशाची राख आणि वायू होतात. कोळसा परत मिळत नाही.

गंज : न दिसणारी झीज

बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ तापून थोडे लांब होतात आणि रात्री थंड होऊन आखडतात. हा भौतिक बदल. पण पाऊस लागून त्याच लोखंडाला गंज चढतो तो रासायनिक बदल. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून गंज होतो. गंज लोखंडासारखा मजबूत नसतो, तो भुगा होऊन गळतो.

दर वर्षी भातकापणी झाली की आजी विळे पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवते. ती म्हणते, “लोखंडाला तेल आणि लेकराला दूध, विसरायचं न्हाई.” तेलामुळे पाणी आणि हवा लोखंडाला लागत नाही, म्हणून गंज चढत नाही. पत्रा, खिडकीचे गज यांना रंग देतात तोही याचसाठी. रासायनिक बदल झाल्यावर उलटवणे अवघड, पण होण्याआधी अडवणे सोपे.

सर्वांत महत्त्वाचे : बंद खोलीतली शेगडी

हा भाग पालकांनी जरूर वाचावा.

पावसाळ्यात आणि थंडीत आपल्याकडे फार गारठा असतो. शेक घेण्यासाठी काही जण कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकीही बंद. धूर दिसत नाही, निखारे लाल झालेले, म्हणून वाटते की आता धोका नाही. पण खरा धोका तोच.

कोळशाला भरपूर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा निराळा वायू जास्त होतो. कोळसा तोच, जाळ तोच, पण हवा कमी पडली म्हणून पदार्थ निराळा झाला. हा वायू विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि झोपेत असेल तर माणसाला जागही येत नाही, जीव जातो. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून आपण उठून दार उघडतो. हा वायू झोंबत नाही, म्हणून तो धुराहून वाईट.

म्हणून शेगडी बाहेर पडवीतच ठेवावी. झोपण्याआधी ती घरात आणू नये. पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला पाहुणे येतात, त्यांनाही हेच सांगावे, कारण तंबू म्हणजे बंद खोलीच. कोणाला चक्कर आली तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच दवाखान्यात पोचवावे. आजीला हे वाचून दाखवले तेव्हा तिने शेगडी उचलून पडवीत नेऊन ठेवली.

करून पहा

१. भाकरीचा प्रयोग : भाकरीचा कोरडा घास तीस-चाळीस वेळा चावा. गिळू नका. हळूहळू गोड लागेल. दातांनी बारीक करणे हा भौतिक बदल. लाळेमुळे पिठाची साखर होते हा रासायनिक बदल. दोन्ही एकाच तोंडात!

२. खिळ्यांचा प्रयोग : तीन खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत ठेवून बूच घट्ट लावा. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळा. तिसऱ्याला भरपूर तेल लावून ओल्या फडक्यात ठेवा. आठ दिवसांनी पाहा आणि वहीत लिहा.

३. फुग्याचा प्रयोग : बाटलीत लिंबाचा रस घाला. फुग्यात खाण्याचा सोडा भरून फुगा बाटलीच्या तोंडावर बसवा आणि सोडा आत सांडा. फुगा आपोआप फुगतो. कार्बन डायऑक्साइड वायू तयार झाला.

४. मिठाचा प्रयोग : पाण्यात मीठ विरघळवून ताटलीत उन्हात ठेवा. पाणी उडाले की मीठ परत मिळते. हा भौतिक बदल.

चुन्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. तो गुरुजी वर्गात करून दाखवणार आहेत.

ध्यानात ठेवा

भौतिक बदल : पदार्थ तोच राहतो. रूप, आकार, अवस्था बदलते. उदाहरणे : बर्फ वितळणे, गूळ वितळणे, भात कांडणे, दगड खोदणे, माती वाळणे.

रासायनिक बदल : नवा पदार्थ होतो. बहुधा तो सहज परत फिरवता येत नाही. उदाहरणे : लाकूड जळणे, दाणे भाजणे, पाक करपणे, चुना विरणे, सिमेंट घट्ट होणे, गंज चढणे, दूध विरजणे.

सांगा पाहू!

१. मेणबत्ती पेटवली. थोडे मेण ओघळले आणि वात जळत राहिली. यात भौतिक बदल कोणता आणि रासायनिक कोणता?
२. करवंद हिरवे होते ते काळे आणि गोड झाले. पदार्थ तोच राहिला की नवे पदार्थ झाले?
३. लोहार लोखंड तापवून ठोकतो आणि विळ्याला बाक देतो. ठोकताना काळे पापुद्रे गळून पडतात. ते लोखंडच असतील का?

उत्तरे वहीत लिहून गुरुजींना दाखवा. पालकांनीही प्रयत्न करावा. बरोबर उत्तरे पुढच्या भित्तिपत्रकात येतील.

(इयत्ता चौथी)